पडका वाडा आणि आपली गच्ची

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात, मुलांनी तयार केलेल्या ‘पडका वाडा’ या देखाव्याच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिलेली आहेत. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय आहे. थोडं इकडे-तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

तिकडे पार्किंगमध्ये टेबलावर जो देखावा मांडला आहे, तो तुम्ही येताना पाहिलाच असेल. बऱ्याच जणांनी पाहिला आणि तोंड वाकडं केलं, हेही मी पाहिलं. महिन्यापूर्वी जेव्हा मुलांनी ठरवलं, की आपण पडका वाडा करायचा, तेव्हा एका सदस्यांनी मला जिन्यात थांबवून स्पष्ट विचारलं, “बाई, पंचवीस वर्षं झाली म्हणून आपण आनंद करून राहिलो, अन् तुम्ही दारातच पडकं घर मांडता? आपल्या बिल्डिंगचं मॉडेल करा ना, लायटिंग लावून.”

त्यांचं चूक नव्हतं. शुभकार्यात पडकं काही दाखवू नये असं आपण मानतो. मी मुलांना तसं सांगूनही पाहिलं. पण मुलांचं म्हणणं असं, की चांगली बिल्डिंग म्हणजे नुसते चौकोनी खोके, त्यात करायला काही नाही. आणि पुण्या-कोल्हापूरकडे दिवाळीत घरोघरी किल्ला करतात तसा किल्ला त्यांनी मागची दोन वर्षं केला होता. आता नवीन पाहिजे होतं. मग मी म्हटलं, ठीक आहे, पण एका अटीवर. मनातला वाडा करायचा नाही. खरोखर पडलेला, कुणीतरी पाहिलेला वाडा करायचा.

तो वाडा आम्हाला आपल्याच बिल्डिंगमध्ये सापडला. म्हणजे आठवणीत सापडला. आपल्याकडे पहिल्या मजल्यावर जे आबाजी राहतात, ते आता पुढेच बसलेले आहेत आणि माझं भाषण त्यांना किती ऐकू येतं ते माहीत नाही, त्यांचा वाडा आर्वी तालुक्यातल्या एका गावात होता. वडील मालगुजार. 1951 साली मालगुजारी गेली, तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि आबाजी शाळकरी पोरगे होते. मालगुजारी गेली तरी वाडा लगेच पडला नाही. तो कसा पडला हे मी शेवटी सांगते, कारण मुलांना ते आधी कळलं नव्हतं, मलाही नाही. आधी तो बांधला कसा ते सांगते. इथे बरेच पालक विचारत होते, की हे प्लास्टरचं काम घरी कसं करायचं. ते नीट सांगितलं तर सुट्टीत उपयोगी पडेल.

तळ म्हणून आम्ही क्लबरूममधला जुना कॅरम बोर्ड घेतला. त्याची वरची बाजू 29 इंच असते, चारही बाजूंनी लाकडी कड, म्हणजे माती-प्लास्टर बाहेर सांडत नाही. मोजमाप ठरवलं, की खऱ्या वाड्याचा एक फूट म्हणजे आपला पाव इंच. आबाजींनी सांगितलं, वाडा साधारण ऐंशी फूट लांब, साठ फूट रुंद. तो झाला वीस इंच बाय पंधरा इंच. बोर्डावर बरोबर बसला आणि अंगणाला जागाही उरली. सहा फुटी दार झालं दीड इंचाचं. मोजमाप एकदा ठरलं की भांडणं संपतात. नाहीतर एकाचं दार उंदराएवढं आणि दुसऱ्याचं हत्तीएवढं होतं.

पहिली चूक भिंतीच्या जाडीत झाली. मुलांनी पुठ्ठ्याएवढ्या पातळ भिंती काढल्या. आबाजी रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन येऊन बसत. ते म्हणाले, “अरे, ह्या काय पापड आहेत का? आमच्या भिंतीच्या देवळीत मी मांडी घालून बसत होतो.” जुन्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट रुंद. म्हणजे आपल्या मोजमापात अर्धा इंच. आपल्या फ्लॅटची आतली भिंत साडेचार इंचाची असते हे मुलांना माहीतच नव्हतं. त्या दिवशी ती टेप घेऊन प्रत्येकाच्या घरी जाऊन भिंती मोजून आली.

आता प्लास्टर. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम नावाचा खनिज दगड. तो साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पांढरं पीठ राहतं. पॅरिसजवळच्या टेकड्यांत हा दगड भरपूर होता म्हणून त्याला पॅरिसचं नाव लागलं. आपण त्या पिठात पाणी घालतो म्हणजे भाजताना गेलेलं पाणी त्याला परत देतो, आणि ते पुन्हा दगड होतं. वाळून घट्ट होत नाही ते, पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून पाण्याखालीसुद्धा ते घट्ट होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आपल्या ड्रेनेजच्या पाइपचा विषय येणार आहे.

कालवायची रीत अशी. आधी पाणी, मग प्लास्टर. कणीक भिजवताना आपण पिठात पाणी घालतो, इथे उलट करायचं. प्लास्टिकच्या जुन्या डब्यात एक वाटी पाणी घ्यायचं आणि त्यात दीड ते दोन वाट्या प्लास्टर चाळणीने हळूहळू भुरभुरायचं. पिठाचं छोटं बेट पाण्यावर दिसू लागलं की थांबायचं. मिनिटभर भिजू द्यायचं, मग लाकडी काडीने सावकाश फिरवायचं. रवीने घुसळल्यासारखं फिरवलं तर हवा शिरते आणि भिंतीला जाळी पडते. ताकापेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा पातळ झालं की ओतायचं. हातात पाच-सात मिनिटं असतात, त्यामुळे थोडं-थोडं कालवायचं. डबा आणि काडी प्रत्येक वेळी स्वच्छ पाहिजे. आधीचा घट्ट झालेला चुरा आत राहिला तर नवीन प्लास्टर डोळ्यांदेखत गोठतं. आमचा पहिला सगळा माल वाया गेला, कारण पावसाळ्यापासून उघडं पडलेलं पोतं आम्ही वापरलं. ओल लागलेलं प्लास्टर आधीच थोडं पाणी पिऊन बसलेलं असतं, ते मग खडूसारखं भुसभुशीत राहतं. एक पोट्टं म्हणालं, “काकू, हे काऊन तुटून राहिलं?” मी म्हटलं, बाबा, याचं पोट आधीच भरलेलं आहे.

साचा म्हणून मिठाईचे डबे. आतून पन्नी लावायची, पन्नीला गोडेतेलाचा हात फिरवायचा आणि अर्धा इंच जाडीचा थर ओतायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी तो थर खोबऱ्याच्या वडीसारखा होतो. घट्ट, पण नख रुतेल असा. हीच वेळ कोरीवकामाची. जुन्या बॉलपेनच्या टोकाने विटांच्या ओळी काढायच्या. आपल्या मोजमापात एक वीट तांदळाच्या दाण्याएवढी येते. खालची तीन-चार फूट दगडी जोती दाखवायची तर दगड वेडेवाकडे, लहान-मोठे काढायचे. देवळ्या, खिडक्या, दार याच वेळी कापून घ्यायचं. उद्यावर टाकलं तर प्लास्टर दगड होतं आणि मग करवत लागते.

इथे पालकांसाठी दोन गोष्टी गंभीरपणे सांगते. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. पातळ थर असेल तर नुसता कोमट लागतो, पण जाड गोळा असेल तर हात भाजेल इतका तापतो. 2007 साली इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीने हाताचा ठसा घ्यायला प्लास्टरच्या बादलीत हात बुडवून ठेवले. प्लास्टर घट्ट झालं, हात निघेनात, आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. म्हणून हातापायाचा ठसा प्लास्टरमध्ये थेट घ्यायचा नाही, कुणी कितीही गंमत म्हणून सांगितलं तरी. आणि कोरडं प्लास्टर चाळताना, घासताना नाकाला रुमाल बांधायचा. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला ते काम द्यायचं नाही, त्याला रंग द्यायला बसवायचं.

आता ड्रेनेजचं. काम संपलं की बादलीभर पांढरं पाणी उरतं. आमच्यातल्या एकाने, कोणी ते मी सांगणार नाही आणि तुम्ही विचारू नका, ते तळमजल्यावरच्या बेसिनमध्ये ओतलं. तीन दिवसांनी बेसिन भरलं, मग बाथरूम भरलं, मग प्लंबर आला. पाइपमधून त्याने जे काढलं ते पाइपच्याच आकाराचं होतं, अगदी साच्यातून काढल्यासारखं. ते आम्ही जपून ठेवलं आहे, देखाव्याशेजारी ‘ड्रेनेजचे शिल्प’ म्हणून मांडलं आहे. बरोबर रीत अशी, की बादली रात्रभर ठेवायची, वरचं निवळ पाणी झाडाखालच्या मातीत नाही तर कडेच्या मोकळ्या जागेत ओतायचं आणि तळाचा गाळ घट्ट झाला की कचऱ्यात. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून तर केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2020 साली मूर्ती-विसर्जनाच्या सूचनांत त्याच्या मूर्ती नकोत असं सांगितलं. गणपती मातीचाच बरा. देखावा विसर्जन करायचा नसतो, म्हणून तिथे प्लास्टर चालतं.

आता मुख्य गोष्ट. भिंती झाल्या, आता त्या पडक्या कशा करायच्या? मुलांनी हातोडी आणली होती. मी म्हटलं, थांबा. आधी सांगा, घर कुठून पडायला लागतं?

कोणी म्हणे पायापासून, कोणी म्हणे भूकंपाने, एक जण म्हणे तोफेने. त्याच्या डोक्यात अजून किल्लाच होता. आबाजी हसले आणि म्हणाले, “कवेलूपासून.”

पावसाळ्याच्या आधी कवेलू फेरावे लागतात. माकडं नाचतात, मांजरी भांडतात, कवेलू सरकतात. एखादा फुटतो. त्या एका फटीतून पाणी आत येतं आणि खालच्या वाश्यावर पडतं. पहिल्या वर्षी वासा नुसता काळा पडतो. दुसऱ्या वर्षी त्याला वाळवी लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो वाकतो आणि त्याच्यासोबत हातभर छप्पर खाली बसतं. मग पाणी भिंतीच्या डोक्यावर पडतं. मातीची भिंत बाजूने पाऊस सोसते, पण डोक्यावर पाणी पडलं की ती वरून विरघळत जाते. भिंतीचा मधला भाग आधी जातो, कोपरे टिकतात, कारण कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना धरून असतात. खिडकीवरचं लाकूड कुजलं की खिडकीच्या वरची भिंत बसते आणि खिडकीची खाच वरून उघडी होते. म्हणून पडक्या घराच्या भिंतीची वरची रेघ सरळ नसते, दातासारखी वर-खाली असते, आणि उंच भाग कोपऱ्यात दिसतात.

हे कळल्यावर हातोडी ठेवून दिली. भिंती हाताने मोडल्या. कापलेली कड गुळगुळीत दिसते, मोडलेली कड खरी दिसते. जिथे मोडायचं तिथे मागच्या बाजूने खिळ्याने रेघ मारायची आणि टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायचं. कोपरे उंच ठेवले, मध्ये खाली उतरवलं. आता तुम्ही देखावा पाहाल तेव्हा खिडक्यांवरची रेघ जरूर बघा.

मग ढिगारा. मुलांनी आधी ढिगारा केलाच नव्हता. भिंत अर्धी, आणि अंगण झाडून स्वच्छ! मी विचारलं, उरलेली भिंत गेली कुठे? जेवढी भिंत कमी झाली, तेवढी ती पायाशी पडलेली दिसली पाहिजे. मग मोडलेले तुकडे कुटून चहाच्या गाळणीतून आणि कणकेच्या चाळणीतून चाळले, तीन आकारांचा चुरा केला, फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवला. पण आबाजींनी त्यातही दुरुस्ती केली. ते म्हणाले, “एवढ्या विटा कुठून आल्या? गावात विटा कोणी पडू देतं का? आधी लाकूड जातं, मग विटा जातात, शेवटी माती राहते.” म्हणून आमचा ढिगारा विटांचा कमी आणि मातीचा जास्त आहे.

आणि ती माती खरी आहे. गावातल्या जुन्या घरांची माती पांढरट असते, त्यावरूनच गावठाणाच्या जागेला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. आबाजींच्या पुतण्याने त्या जागेवरून बिस्किटाच्या डब्यात भरून माती पाठवली. ती वस्त्रगाळ करून वर भुरभुरली आहे.

या मातीवरून मुलांना पवनारची गोष्ट सांगितली. आपण रविवारी आश्रमात जातो, धाम नदीत पाय सोडून बसतो, आणि गावाकडच्या उंचवट्याकडे कोणी पाहत नाही. 1967 साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने देव आणि ढवळीकर यांनी तिथे उत्खनन केलं. तिथे एकावर एक वस्त्यांचे थर निघाले. महामहोपाध्याय मिराशींचं मत होतं, की वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही, पण गाव फार जुनं आहे यात वाद नाही. असा उंचवटा होतो कसा? घर पडतं, माती बसते, त्यावर दुसरं घर होतं, तेही पडतं. आपल्या कॅरम बोर्डावर जो बोटभर ढीग आहे, तोच शेकडो वर्षं चालू राहिला की टेकाड होतं. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे काकू, पवनार म्हणजे खूप सारे आबाजींचे वाडे एकावर एक.” यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

बाकीच्या सामानाची यादी पटकन सांगते. वासे तुऱ्हाट्यांचे, दारं-खिडक्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या, गज उदबत्तीच्या काड्यांचे. कवेलूंसाठी पार्सलच्या खोक्याचा वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलला की आत नागमोडी पन्हाळ्या निघतात, त्याच्या पट्ट्या कापून गेरू दिला. भिंतींना आधी चहाचं कडक पाणी. ते भेगांत शिरतं, वर कमी राहतं, त्यामुळे कोरलेल्या विटा एकदम उठून दिसतात. मग गेरू, मग थोडी काजळी पाण्याच्या ओघळासारखी वरून खाली. हळद वापरू नका, उन्हात उडते. गवत म्हणून फड्याचे तुकडे, शेवाळ म्हणून हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा. आम्ही आधी कसुरी मेथी लावली होती. दोन दिवस छान दिसली, तिसऱ्या दिवशी मुंग्या वाड्याच्या मालक झाल्या. आणि झाड? ते पऱ्हाटीचं मूळ आहे, उलटं लावलेलं. आपल्या जिल्ह्यात पऱ्हाट्यांना काय तोटा! भिंतीतून निघालेला पिंपळ दाखवायला त्यासारखी दुसरी वस्तू नाही. विहीर मात्र आयती मिळाली. कॅरमच्या एका कोपऱ्याचं भोक. आबाजी म्हणाले, “विहीर कोपऱ्यातच होती. पण एवढी स्वच्छ नव्हती.”

सगळं झाल्यावर मुलं समोरच्या दाराची चौकटही मोडायला निघाली. आबाजींनी हात धरला. “चौकट राहू द्या,” म्हणाले. “सागवानी चौकट होती. दोन्हीकडची भिंत गेली, तरी ती तशीच उभी होती. मी शेवटचा गेलो तेव्हा मी तिच्यातूनच आत गेलो. बाजूने जागा मोकळी होती, तरी चौकटीतूनच गेलो.”

ती चौकट तशीच आहे. तुम्ही पाहा.

त्याच संध्याकाळी एका पोराने सरळ विचारलं, “आबाजी, तुम्ही कवेलू काऊन नाही फेरले?”

आम्ही सगळे गप्प झालो. आबाजीही थोडे गप्प होते. मग म्हणाले, “आम्ही चार भाऊ. एक नागपूरला, एक अमरावतीला, मी वर्ध्याला नोकरीत, एक गावात. गावातला म्हणे, मी एकटा काऊन खर्च करू, वाडा चौघांचा आहे. आम्ही तिघं म्हणू, आम्ही राहत नाही तिथं, जो राहतो त्यानं करावं. कोणी वाईट नव्हतं रे. भांडणही नव्हतं. दर दिवाळीला भेटत होतो, अन् दर दिवाळीला म्हणत होतो, की पुढच्या उन्हाळ्यात नक्की फेरू. तेव्हा तीनशे-चारशे रुपयांचं काम होतं.”

मुलं काही बोलली नाहीत. मीही काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. दारात चार-पाच पोट्टी. “काकू, गच्चीवर चला. आपल्या इथं पण पिंपळ आहे.”

मी गेले. पाण्याच्या टाकीच्या मागे, कठड्याच्या भेगेत, वीतभर पिंपळ. पाने अगदी ताजी, चकचकीत. त्याच्या बाजूला पावसाचं पाणी उतरणाऱ्या पाइपचं तोंड, त्यात कबुतराची पिसं, एक पन्नी आणि मागच्या वर्षी हरवलेला टेनिसचा चेंडू. कोपऱ्यात पाणी साचून पडलेला काळा डाग. एका मुलाने खिशातून टेप काढून भेग मोजली. आपल्या मुलांना आता भेग दिसली की मोजावीशी वाटते, हा या देखाव्याचा मोठाच फायदा झाला.

सचिवांनी दोन दिवसांत माणूस बोलावून पिंपळ मुळासकट काढला, त्याबद्दल त्यांचे आभार. नुसता वरून तोडला असता तर पुन्हा आलाच असता. पाइपही साफ झाला. पण त्या काळ्या डागाखाली वरच्या मजल्यावर ज्यांचं घर आहे, ते तीन वर्षांपासून सभेत गळतीबद्दल बोलून राहिले आहेत, आणि आपण काय म्हणतो ते सभेच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे. आपण म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात पाहू. कोणी म्हणतं, गच्चीखाली जे राहतात त्यांनी करावं, आमच्या घरात तर गळत नाही.

मी काही कायद्याची जाणकार नाही. पण आपल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींचं पुस्तक घरी होतं, ते मुलांच्या नादाने पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती हे काम सोसायटीचं म्हणून दिलेलं आहे. म्हणजे गच्ची वरच्या मजल्याची नाही, सगळ्यांची. सिंकिंग फंड म्हणून बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का दर वर्षी जमा करायचा. घराचा बांधकाम खर्च 4 लाख धरला, तर वर्षाचे 1000 रुपये, महिन्याचे शंभरसुद्धा नाहीत. दुरुस्तीसाठी वेगळा निधी, पाऊण टक्का. आणि इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी, तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी. आपण पंचविसात आहोत. आपली अशी तपासणी कधी झाली, हे मला कुणी सांगू शकलं नाही. हे मी कुणाला दोष द्यायला बोलत नाही. पंचवीस वर्षांत दोनदा मीही कार्यकारिणीत होते. मीही ‘पुढच्या उन्हाळ्यात’ म्हटलेलं आहे.

शेवटी एक गोष्ट सांगते आणि संपवते. देखावा अर्धा झाला तेव्हा मुलांना मी सेवाग्रामला घेऊन गेले. आपण पाहुणे आले की त्यांना बापूकुटी दाखवतो, आणि स्वतः बाहेर चप्पल सांभाळत उभे राहतो. यावेळी मुलांना सांगितलं, दर्शन घ्या, पण भिंती बघा. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी तिथे आले, तेव्हा ते शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव पुढे 1940 साली पडलं. कुटी मातीची, बांबूची, कवेलूंची. मीराबहेनने मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा अजून भिंतीवर आहेत. आबाजींच्या वाड्याच्या भिंती दोन फूट रुंद होत्या, सागवानी चौकट होती, मालगुजाराचा पैसा होता. तो वाडा गेला, आणि ही साधी कुडामातीची कुटी उभी आहे. असं का?

मुलांनी उत्तर लगेच दिलं. त्यांनी छपराची पाखं पाहिली. भिंतीच्या पुढे आलेली, पाणी अंगावर पडू न देणारी. त्यांनी सारवलेली भिंत हात लावून पाहिली आणि म्हणाली, “काकू, इथं कवेलू फेरतात.” एवढंच. माती असो, प्लास्टर असो, काँक्रीट असो. जिथे कुणीतरी दर वर्षी हात फिरवतं ते घर उभं राहतं. वस्तू मजबूत आहे म्हणून घर टिकत नाही.

ज्या सदस्यांनी मला जिन्यात थांबवलं होतं, त्यांनी काल रात्री देखावा बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाले, “बाई, हा कार्यक्रम झाल्यावर हा फेकू नका. मीटिंगच्या हॉलमध्ये ठेवू.” मला वाटतं, या वर्षीचं माझं बक्षीस मला मिळालं.

मुलांनी माझ्यावर एक निरोप सोपवला आहे. दर वर्षी मृगाच्या आधीच्या रविवारी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सात वाजता गच्चीवर सगळ्यांनी यायचं. मुलं पाइपची तोंडं साफ करणार, मोठ्यांनी भेगा पाहायच्या, कठड्यात काही उगवलं असेल तर काढायचं, आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. चहा आणि आलूपोहे माझ्याकडे. त्या दिवसाचं नावही त्यांनी ठेवलं आहे, ‘कवेलू फेरणे’. आपल्या गच्चीवर एकही कवेलू नाही, पण नाव तेच ठेवायचं, असा त्यांचा हट्ट आहे. आबाजींना लिफ्ट नसल्यामुळे वर येता येणार नाही. ते खाली खुर्ची टाकून बसतील आणि कोण आलं नाही ते पाहतील.

आपली सोसायटी पन्नास वर्षांची होईल तेव्हा इथे बसलेल्यांपैकी बरेच जण नसतील. ही पोट्टी असतील. त्यांना कोणी वाड्याचा देखावा करायला सांगितला, तर त्यांनी तो आठवणीतल्या आपल्या बिल्डिंगवरून करावा, अशी वेळ येऊ नये, एवढीच इच्छा.

मला दिलेली दहा मिनिटं कधीच संपली.  आता सगळ्यांनी पार्किंगमध्ये चला. फीत आबाजी कापणार आहेत.